मशीनवरचा पहिला तास

शकुन आठल्येला राग धरून ठेवता येतो, हे बागबाजारच्या शाळेतच सगळ्यांना कळलं होतं. मराठी पोर म्हणून वर्गातल्या मुली तिला ‘बर्गी’ म्हणायच्या. बर्गी म्हणजे एके काळी बंगालवर चालून आलेले मराठे घोडेस्वार. त्यांच्या धास्तीनं कलकत्त्याच्या लोकांनी खंदक खणायला घेतला तो ह्याच बागबाजारातून. दुसरी एखादी मुलगी रडत घरी गेली असती. शकुन रडली नाही. जिनं हे नाव पहिल्यांदा ठेवलं तिच्या डब्यातली संदेश मिठाई तिनं वर्षभर खाल्ली, आणि पकडली गेल्यावर बाईंना सांगितलं की बर्गी लुटालूट करायचेच, इतिहासाच्या पुस्तकात बघा.

वडील सरकारी हिशेब खात्यात नोकरीला म्हणून कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. मागे त्यांनी दोनच गोष्टी ठेवल्या : डमडमचा फ्लॅट आणि पाण्याच्या गाठींनी भरलेली मूत्रपिंडं. दोन्हींची वाटणी शकुन आणि तिचा धाकटा भाऊ अनिल यांच्यात अगदी सारखी झाली. हा आजार घराण्यातून उतरतो हे डॉक्टरांनी सांगितल्यावर दोघांनीही लग्नाचा विषय बंद केला. शकुन एका जहाज कंपनीच्या ऑफिसात चिकटली, अनिल वीज खात्यात इंजिनियर झाला. आधी तिची मूत्रपिंडं गेली, मग त्याची. दोघंही सॉल्ट लेकच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये मंगळवार, गुरुवार, शनिवार जाऊ लागले. खाटा शेजारीशेजारी. घरात भांडत नव्हते तेवढे तिथे भांडत. भांडणं असायची ती शब्दकोड्यावरून.

डायलिसिसवरच्या माणसाचं खाणं म्हणजे शिक्षाच असते. मूत्रपिंडं पोटॅशियम बाहेर टाकत नाहीत, ते रक्तात साठतं आणि साठलं की हृदय बंद पाडतं. म्हणून केळं नाही, नारळपाणी नाही, आंबा नाही, फळांचे रस नाहीत. बटाटा खायचा तर चिरून, तासन्‌तास पाण्यात ठेवून, उकडून, पाणी ओतून देऊन. म्हणजे बटाट्यात बटाट्याचं काही उरलं नाही की मग खायचा. पण प्रत्येक सेंटरमध्ये एक गुपचूप चालणारा रिवाज असतो. मशीन लागलं की पहिल्या तासात पेशंट आपापल्या पिशव्या उघडतात. कुणी आंब्याची फोड काढतं, कुणी केळं, कुणी डाबाचं, म्हणजे शहाळ्याचं पाणी. पोटात गेलेलं पुढच्या तीन तासांत मशीन काढून टाकतं, असा हिशेब. डॉक्टर काणाडोळा करतात. सेंटरची मुख्य सिस्टर आभादी तर विचारायचीच, “शकुनदी, आज काय आणलंय?” अख्ख्या आठवड्यात सणासारखा वाटावा असा तेवढाच काय तो वेळ.

अनिल त्या तासातसुद्धा फार काही खात नसे. एखादी आंब्याची फोड, बस. घरी तर तो पाणीही छोट्या वाटीनं मोजून प्यायचा. शकुनला ते बघून कधीकधी चीड यायची. इतकं शहाण्यासारखं वागून कुणाचं भलं झालंय, असं ती म्हणायची.

ह्या दोघांच्या आयुष्यात हेमंत सबनीस शिरला तो बटाटेवड्यांच्या बाजूनं. बँकेतून निवृत्त होऊन सॉल्ट लेकला स्थायिक झालेला हा गृहस्थ मराठी मंडळाचा उत्साही कार्यकर्ता. मंडळात एकदा मूत्रपिंडाच्या आजारावर एका डॉक्टरांचं भाषण ठेवलं होतं आणि खाण्यापिण्याची व्यवस्था हेमंतरावांकडे होती. डॉक्टर चांगलं बोलले. म्हणाले, डायलिसिसमध्ये रक्त नळीतून बाहेर येतं, जाळीतून फिरतं, पुन्हा आत जातं. शरीराला ते प्लास्टिक परकं वाटतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी चवताळतात आणि जे जहाल पदार्थ सोडतात ते आपल्याच अंगाला पोळतात. त्यांना आवर घालणारी जीवनसत्त्वं मात्र घाणीबरोबर धुऊन जातात. ह्याला म्हणायचं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. कापून ठेवलेलं वांगं हवेनं काळं पडतं ना, तसं काहीसं रक्तवाहिन्यांचं, हृदयाचं होत राहतं. इथपर्यंत हेमंतरावांनी ऐकलं आणि वडे तळायला टाकायला सांगायला ते आत गेले. डॉक्टर शेवटी म्हणाले की ह्यावर बाजारात मिळणारी कुठलीही बाटली आपल्या मनानं पिऊ नका, आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. ते वाक्य हेमंतरावांनी ऐकलं नाही. निदान ते तसं सांगतात.

महिन्याभरात ते एक जांभळी बाटली घेऊन डमडमला आले. कुठल्याशा परदेशी फळाचा रस. अनिलसमोर त्यांनी तेच वांगं पुन्हा चिरलं. “अनिलराव, अहो तुमचं रक्त आठवड्यातून तीनदा त्या नळ्यांमधून फिरतंय. आतून काळे पडताय तुम्ही. हे अँटिऑक्सिडंट आहे. मी स्वतः विकतो म्हणून सांगत नाही.”

शकुन म्हणाली की फळाच्या रसात पोटॅशियम असतं. हेमंतरावांनी त्यावरही तोड काढली. म्हणाले, मग मशीनवर पहिल्या तासात घ्या, तिथे सगळे घेतातच की. अनिल इंजिनियर. त्याला हे पटलं. त्यानं मशीनवर रस घेऊन पाहिला. काही झालं नाही. महिन्याचा रिपोर्ट नेहमीसारखा आला. हेमंतराव फोनवर म्हणाले, “बघा, पोटॅशियम वाढलं का? मग आता रोज सुरू करा. औषध काय आठवड्यातून तीनदा घेतात?”

मशीनवर जे पचलं ते मशीनमुळे पचलं, ही साधी गोष्ट दोघा शिकलेल्या माणसांच्या ध्यानात आली नाही. शनिवार ते मंगळवार हा डायलिसिसवाल्यांचा सगळ्यात लांब आणि सगळ्यात वाईट पल्ला. त्या पल्ल्यात अनिलनं बहिणीला न सांगता सकाळ-संध्याकाळ रस घेतला. सोमवारी सकाळी तो म्हणाला, “ताई, पायात जोरच नाही गं.” शकुन चप्पल घालून गाडी बघायला खाली गेली आणि वर आली तेव्हा तो खुर्चीत बसल्या जागी गेला होता.

इथवर शकुननं कदाचित नशिबाला बोल लावला असता. पण शोकसभेत हेमंतराव उभे राहिले. अनिल किती हुशार, किती मनमिळाऊ वगैरे झालं आणि मग मान हलवत ते म्हणाले, “फक्त जिभेवर ताबा राहिला नाही हो. त्या आजारात केळ्याबिळ्यासारखं काही खाऊन चालत नाही.” सभेत लोकांनी चुकचुक केली. वाटीनं पाणी मोजून पिणाऱ्या माणसाबद्दल हे बोललं गेलं, आणि जो बोलला त्याच्या रिकाम्या बाटल्या डमडमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर रांगेनं उभ्या होत्या. शकुनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं तिथल्या तिथे उठून सांगितलं की ह्यांच्या रसानं माझा भाऊ गेला. हेमंतराव दुखावल्यासारखे हसले. “ताई, फळाच्या रसानं कुणी मरतं का?” म्हणाले. बायकांनी शकुनला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, दुःखानं माणूस काहीही बोलतो म्हणाल्या. त्या दिवसापासून अनिल आठल्ये हा मंडळात जिभेचे चोचले पुरवून मेलेला माणूस ठरला.

शकुननं डाव धरला. म्हणजे तिनं काही केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच. फक्त ती विसरली नाही. मशीनवर पडल्यापडल्या ती हेमंत सबनीसला नाना प्रकारे मारायची. एकदा ट्रामखाली घातला, एकदा गंगेत बुडवला, एकदा बटाटेवड्याच्या कढईत. आभादी विचारायची, दीदी, एवढं हसू कशाचं येतंय?

दोन वर्षांनी एका मंगळवारी अनिलच्या जुन्या खाटेवर नवा पेशंट आणून झोपवला. मानेत नळी, चेहरा सुजलेला. मधुमेहानं हेमंतरावांची मूत्रपिंडं खाल्ली होती. शेजारी त्यांची बायको उषा पर्स छातीशी धरून उभी होती. हेमंतरावांनी मान वळवली, शकुनला ओळखलं, आणि निर्लज्ज माणसाला शोभेल असं म्हणाले, “शकुनताई, आता आपण एकाच पंगतीतले. झालं गेलं सोडून देऊ.”

“स्वस्थ पडून राहा,” शकुन म्हणाली. “पहिल्यांदा डोकं दुखतं.”

तिला इतका आनंद झाला होता की तिला तो लपवताना त्रास झाला. घरी जाताना ऑटोत ती स्वतःशी गुणगुणत होती. देव आहे की नाही ह्याबद्दल तिचं मत नव्हतं, पण असलाच तर तो बर्गींच्या बाजूचा असावा असं तिला त्या दिवशी वाटलं.

काही आठवड्यांत हेमंतराव सरावले. पहिल्या तासाचा रिवाज त्यांच्या लक्षात आला आणि एका शनिवारी त्यांनी पिशवीतून काय काढलं, तर जांभळी बाटली. धंदा कधीच बुडाला होता पण घरात माल उरला होता. आभादी पलीकडे गुंतलेली. हेमंतरावांनी शकुनकडे बघत बघत रस प्यायला, ओठ पुसले. तासभर गेला, दोन तास गेले. त्यांना काही झालं नाही.

“बघितलंत ना?” ते म्हणाले. “उगाच नाव घेत होतात माझं. डॉक्टरसुद्धा म्हणतात हो, डायलिसिसमध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असतोच. आता घरीही सुरू करतो. सकाळ-संध्याकाळ.”

शकुननं मनात ताडून पाहिलं. अनिल ज्या वाटेनं गेला तीच वाट, तोच शनिवार, तोच रस. आणि हा आपल्या पायांनी चालत निघाला होता. तिला काही करायचं नव्हतं. ढकलायचं नव्हतं, विष कालवायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. ती मूग गिळून बसली. निघताना हेमंतराव म्हणाले, “मंगळवारी भेटू.” ती म्हणाली, “बघू.”

रविवारी तिनं पाणी काढलेल्या बटाट्याची भाजी केली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती तिला चवदार लागली. आत्ता सकाळचा ग्लास झाला असेल. आता संध्याकाळचा. तिला वाईट वाटत नव्हतं. वाचणाऱ्यानं तसं समजू नये. दयेचा पाझर वगैरे तिला फुटला नाही.

पण भांडी विसळताना तिच्या डोळ्यांपुढे हेमंतरावांची शोकसभा उभी राहिली. तोच हॉल, तेच वडे. कोणीतरी उठून बोलेल : हेमंतराव म्हणजे मंडळाचा कणा, निर्व्यसनी माणूस, शेवटपर्यंत फळांचा रस घेत होते बिचारे. लोक चुकचुकतील. फोटोला हार पडेल. आणि अनिल? अनिल होता तिथेच राहील, केळी खाऊन मेलेला. आणि जो एकटा खरं सांगू शकत होता तो हेमंत सबनीस न सांगता, न कळता, खुर्चीत बसल्याबसल्या सुटून जाईल. शकुननं हातातली वाटी आपटली. इतकं स्वस्तात ती त्याला जाऊ देणार नव्हती.

सोमवारी सकाळी तिनं फोन केला तो उचलला गेला नाही. मग ती निघालीच. उल्टाडांग्यापर्यंत लोकल, तिथून ऑटो. दोन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं, तिला स्वतःलाच धाप लागत होती. वाटेत ती पुन्हापुन्हा म्हणत होती, मरू नकोस रे मेल्या, एवढ्यात मरू नकोस.

दार उषानं उघडलं. “बरं झालं आलात शकुनताई. ह्यांना रात्री झोप नाही. दमलेत, म्हणतात.”

हेमंतराव खुर्चीत होते. टेबलावर जांभळा डाग पडलेला ग्लास. “पाय बघा ना,” ते जड जिभेनं म्हणाले. “उचलतच नाहीत.” शकुननं मनगट धरलं. नाडी थांबून थांबून लागत होती.

“उषावहिनी, ॲम्ब्युलन्स बोलवा. डायलिसिसचा पेशंट आहे, पोटॅशियम चढलंय, एवढं सांगा. दुसरं काही बोलत बसू नका.”

हेमंतराव वाचले. इमर्जन्सीत इंजेक्शनं झाली, मशीन लावलं गेलं, आणि संध्याकाळी एका तरुण डॉक्टरनं त्यांना विचारलं की कालपासून काय काय खाल्लंत. रसाचं ऐकून तो त्यांच्यावर ओरडलाच. आणखी उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं, म्हणाला. उषा बाहेर येऊन शकुनच्या पाया पडू लागली. देवासारख्या धावून आलात, म्हणाली.

“देवासारखी नाही आले,” शकुन म्हणाली. “उठा.”

गुरुवारी हेमंतराव पुन्हा शेजारच्या खाटेवर आले. शकुन वाट बघत होती. तिनं मशीन लागू दिलं, नळ्या जोडल्या जाऊ दिल्या, आभादी पलीकडे जाऊ दिली. डायलिसिसची एक सोय आहे. चार तास माणसाला उठून जाता येत नाही.

“कसं वाटलं?” तिनं विचारलं.

हेमंतरावांनी छताकडे नजर वळवली. “ताई, चूक झाली माझी,” ते म्हणाले.

“पाय जड झाले, तेव्हा काय वाटलं ते विचारतेय. कारण अनिलला काय वाटलं ते मला विचारता आलं नाही. मी गाडी बघायला खाली गेले होते.”

ते रडू लागले. शकुननं रडू दिलं. तिला ते आवडत होतं, आणि आवडतंय हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. मग ती सावकाश, आवाज न चढवता बोलली. “मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करणारही नाही. तुम्हाला वाचवलं ते तुमच्या तोंडून खरं ऐकायचं होतं म्हणून. मला एकटीला नको, मला माहीत आहे. शोकसभेत भर हॉलमध्ये बोललात ना, तसंच चारचौघांत बोला. अनिलचं नाव घेऊन बोला. ते होईपर्यंत मी तुम्हाला मरू देणार नाही. वहिनींना सगळा स्वयंपाक मी शिकवीन. शनिवार-रविवारी फोन करून काय खाल्लं ते विचारीन. आणि इथे शेजारी पडून तुम्हाला दर खेपेला अनिलबद्दल सांगीन.”

आणि ती सांगू लागली. अनिल वाटीनं पाणी कसा प्यायचा ते सांगितलं. शब्दकोडं अडलं की पेन कसं चावायचा ते सांगितलं. शनिवारी पुन्हा सांगितलं. मंगळवारी पुन्हा. हेमंतरावांनी डोळे मिटून घेतले तरी कान उघडे होते. शेवटी त्यांनी आभादीला गाठून सोमवार-बुधवार-शुक्रवारची बॅच मागून घेतली. दुसऱ्या आठवड्यात बुधवारी ते आत आले तर शेजारच्या खाटेवर शकुन आठल्ये. आभादी कौतुकानं म्हणाली, “केवढा जीव आहे हो ह्यांचा तुमच्यावर. मला म्हणाल्या, गावचा माणूस आहे, एकटा पडेल.”

हेमंतराव बारीक होत गेले पण रिपोर्ट उत्तम येऊ लागले. उषाच्या हातून चुकीचा एक घास त्यांच्या ताटात पडत नव्हता. डॉक्टर खूश होते. मंडळात मात्र ते गेले नाहीत. प्रत्येक वेळी तब्येतीचं कारण निघायचं. शकुन म्हणायची, तब्येत तर छान आहे, रिपोर्ट मी पाहिलाय.

मग एका शुक्रवारी समोरच्या खाटेवर एक नवा पेशंट आला. शाळामास्तर, घाबरलेला. त्याच्या बायकोनं पिशवीतून कसलीतरी भुकटी काढली आणि आभादीला हिंदीत विचारलं, की हे घेतलं तर चालेल ना, अँटिऑक्सिडंट आहे, दीर म्हणतो डायलिसिसनं शरीर आतून जळतं. आभादी डॉक्टरांना विचारून सांगते म्हणाली आणि वळली. बाई समोर, शकुनकडे बघू लागली. जुने पेशंट सांगतील ह्या आशेनं.

शकुननं भुकटी पाहिली. मग तिनं मान वळवून हेमंतरावांकडे पाहिलं.

हेमंतराव बाईकडे वळले. “मत दीजिए,” ते म्हणाले. “डॉक्टर सांगेपर्यंत काही देऊ नका. मी असलीच बाटली विकायचो. अर्धवट ऐकून. आमच्यातला एक जण त्यानं गेला.”

“नाव सांगा,” शकुन मराठीत म्हणाली.

“अनिल आठल्ये.” हेमंतराव पुन्हा हिंदीत बाईला सांगू लागले. “मी सगळ्यांना सांगितलं की तो केळी खाऊन गेला. ते खोटं होतं. त्याच्याइतका पथ्यानं राहणारा माणूस मी पाहिला नाही. त्याला मी मारलं.”

बाईनं भुकटी परत पिशवीत टाकली आणि नवऱ्याचा हात धरून उभी राहिली. शकुनला वाटलं होतं की हे ऐकलं की आतलं काहीतरी सुटेल. तसं काही सुटलं नाही. पण अनिलचं नाव कुणाच्या तरी कानावर बरोबर पडलं होतं. ते तिला आणखी हवं होतं, भुकेल्यासारखं हवं होतं.

“खिडकीजवळच्यांना ऐकू गेलं नाही,” ती म्हणाली. “पुन्हा सांगा. आणि उद्या गणपतीची मीटिंग आहे मंडळात. गाडी मी सांगून ठेवली आहे.”